ज्याला नको त्याने बाहेर बसावं

सिनसिनाटीच्या डाउनटाउनमध्ये एट्थ आणि प्लम हे दोन रस्ते जिथे मिळतात, त्या एका चौकात कॅथलिकांचं सेंट पीटर इन चेन्स कॅथीड्रल, ज्यूंचं प्लम स्ट्रीट टेंपल आणि शहराचा सिटी हॉल अशा तीन इमारती एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. टेंपल १८६६ सालचं. त्याचे मनोरे बघून भारतातून आलेला पाहुणा हमखास विचारतो, ही मशीद का? सिटी हॉलची आजची इमारत पुष्कळ नंतरची, १८९३ ची. पण १८६९ साली या गावात जे भांडण पेटलं ते कुणाला समजावून सांगायचं झालं, तर मी त्याला या चौकात नेऊन उभं करते. कॅथलिक, ज्यू, प्रॉटेस्टंट आणि सरकार, सगळे पक्ष तिथे हाकेच्या अंतरावर आहेत. भांडण होतं शाळेत बायबल वाचायचं की नाही, याचं. इथला इतिहास त्याला ‘बायबल वॉर’ म्हणतो.

त्या वेळी इथल्या सरकारी शाळांमध्ये, ज्यांना तेव्हा कॉमन स्कूल म्हणत, दिवसाची सुरुवात बायबल वाचून आणि भजन गाऊन होत असे. १८५२ पासून तसा नियमच होता. वाचलं जाई ते किंग जेम्स बायबल, म्हणजे प्रॉटेस्टंटांचं. कॅथलिकांचं बायबल वेगळं, ते वाचायची त्यांची रीत वेगळी, त्यामुळे कॅथलिक आईबापांना हे आपल्या मुलांवर प्रॉटेस्टंट धर्म लादणं वाटे. ज्यूंच्या मुलांना तर ज्या ख्रिस्तावर त्यांच्या घरात श्रद्धा नाही, त्याची स्तुती गावी लागे. कॅथलिकांनी स्वतःच्या वेगळ्या शाळा काढल्या. त्या शाळांचा खर्च सोसायचा आणि वर सरकारी शाळांचा करही भरायचा. मग सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डातल्या काहींनी मनात आणलं की दोन्ही शाळा एक कराव्यात. कॅथलिकांचे आर्चबिशप पर्सेल यांच्याशी बोलणी झाली, फिसकटली. पण त्या निमित्ताने जो प्रश्न वर आला तो काही खाली बसला नाही. १ नोव्हेंबर १८६९ रोजी बोर्डाने २२ विरुद्ध १५ मतांनी ठराव केला की शाळांमध्ये धार्मिक शिक्षण आणि बायबलसह सगळ्या धार्मिक पुस्तकांचं वाचन बंद. कारणही ठरावातच लिहिलं होतं: सर्व पंथांच्या आणि मतांच्या आईबापांच्या मुलांना या शाळांच्या निधीचा सारखाच लाभ मिळावा.

गाव पेटलं. सभा झाल्या, अर्जांवर सह्या झाल्या, आणि विरोधक कोर्टात गेले.

कोर्टातल्या वकिलांपैकी एकाबद्दल वाचताना मी फार थांबले. स्टॅन्ली मॅथ्यूज. बायबल बंद करणाऱ्या बोर्डाच्या बाजूने तो उभा राहिला. माझी समजूत होती की अशा बाजूने उभा राहणारा माणूस नास्तिक असेल, निदान धर्माविषयी उदासीन तरी. मॅथ्यूज प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चचा एल्डर, म्हणजे कारभारी मंडळींपैकी एक, होता. स्कार्लेट फीव्हरच्या साथीत त्याची एकापाठोपाठ एक मुलं गेली आणि त्या दुःखातून तो श्रद्धेच्या आधाराने उभा राहिला होता. बायबल त्याच्या आयुष्याचा आधार होतं. आणि तोच कोर्टाला सांगत होता की माझ्या शेजाऱ्याच्या मुलाला ते सरकारी हुकमाने ऐकवायचा मला अधिकार नाही. स्वतःच्या चर्चमधल्या लोकांचा त्याने रोष पत्करला. पुढे तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश झाला, ही नंतरची गोष्ट.

खालच्या कोर्टात बायबलवाले जिंकले, दोन विरुद्ध एक. तो एक म्हणजे आल्फॉन्सो टाफ्ट. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्यम टाफ्टचे वडील. त्यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात लिहिलं, सरकार तटस्थ आहे. ते सगळ्यांचं रक्षण करतं, पण कुणाला झुकतं माप देत नाही आणि कुणाला कमी लेखत नाही. काही वर्षांनी त्यांची गव्हर्नरपदाची उमेदवारी हुकली, त्यात या मताचा मोठा वाटा होता असं इतिहासकार सांगतात. ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने मात्र खालचा निकाल एकमताने फिरवला आणि बोर्डाचा ठराव कायम केला. न्यायमूर्ती वेल्च यांनी त्या निकालात लिहिलेलं वाक्य मी माझ्या वहीत उतरवून ठेवलं आहे: निःपक्षपाती संरक्षणापलीकडे ख्रिस्ती धर्म जेव्हा सरकारची मदत मागतो, तेव्हा तो स्वतःलाच नाकारतो.

ही सगळी भाविक माणसं आहेत, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. शाळेत बायबल नको म्हणणारा तो धर्मद्वेष्टा, हे समीकरण आज इतकं रूढ झालंय की दीडशे वर्षांपूर्वीची ही माणसं कुणाच्या आठवणीतही नाहीत.

आता मला जे खरं बोलायचंय त्याकडे येते. सिनसिनाटीत १८६९ च्या कितीतरी आधीपासून एक सवलत होती. ज्या आईबापांना बायबलवाचन नको असेल, त्यांच्या मुलांना त्यातून सूट मागता येत असे. म्हणजे जबरदस्ती नव्हतीच म्हणायची. बायबलवाल्या वकिलांचा हा हुकमी एक्का होता आणि आजही आहे. ज्याला नको त्याने बाहेर बसावं. कुणी अडवलंय?

अडवत कुणी नाही, हे खरंच आहे. पण आठ-नऊ वर्षांचं मूल उठून वर्गाबाहेर जातं तेव्हा त्याच्यावर काय गुदरतं, हे त्या एक्क्यात कुठेच येत नाही.

इलिनॉयमधल्या शॅंपेन गावात १९४० च्या दशकात शाळेच्याच वर्गात, शाळेच्याच वेळात धर्माचे तास चालत. बाहेरून शिक्षक येत, आणि ज्या आईबापांनी सही दिली त्यांची मुलं त्या तासाला बसत. पाचवीतला जेम्स टेरी मॅकॉलम बसत नसे, कारण त्याच्या आईने, वॅश्टी मॅकॉलम यांनी, सही दिली नव्हती. मग त्याला कुठे बसवायचं? काही वेळा त्याला बाहेर हॉलमध्ये बाकावर एकट्याला बसवलं. शाळेत हॉलमध्ये एकट्याला कुणाला बसवतात हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. येणारी-जाणारी पोरं त्याला चिडवत. आई कोर्टात गेली, खालच्या कोर्टांत हरली, आणि १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टात आठ विरुद्ध एक मतांनी जिंकली. सरकारी शाळेच्या इमारतीत, शाळेच्या यंत्रणेच्या जोरावर धर्माचे तास घेता येणार नाहीत, असं ठरलं.

दुसरं उदाहरण पेनसिल्व्हेनियातलं, आणि ते जास्त प्रसिद्ध आहे. तिथे कायदाच होता की रोज शाळा सुरू होताना बायबलमधल्या निदान दहा ओळी वाचायच्या, आणि त्यावर काहीही भाष्य करायचं नाही. ॲबिंग्टन हायस्कूलमध्ये मुलं त्या ओळी स्पीकरवरून वाचत आणि त्या प्रत्येक वर्गात ऐकू जात. मागोमाग प्रभूची प्रार्थना, ती सगळ्यांनी उभं राहून म्हणायची. २६ नोव्हेंबर १९५६ रोजी सोळा वर्षांच्या एलरी शेंपने त्या वेळात मित्राकडून आणलेलं कुराण उघडलं आणि मनातल्या मनात वाचत बसला. प्रार्थनेला उभा राहिला नाही. त्याला प्रिन्सिपलकडे पाठवलं गेलं. शेंप कुटुंब युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचं, नियमाने चर्चला जाणारं.

खटला चालू असतानाच पेनसिल्व्हेनियाने कायद्यात दुरुस्ती केली. आईबापांनी चिठ्ठी दिली तर मुलाला वाचनातून सूट. सरकारी वकील म्हणाले, घ्या, आता तुमची तक्रारच उरली नाही. त्यावर एलरीच्या वडिलांनी, एडवर्ड शेंप यांनी, कोर्टात जी साक्ष दिली ती मला या सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं बोलणं वाटते. त्यांनी सांगितलं की सूट मागायचा विचार आम्ही केला आणि सोडून दिला. मुलांकडे शिक्षक आणि वर्गमित्र वेगळ्या नजरेने बघतील, त्यांना विक्षिप्त म्हणतील. बाकीची मुलं बारकावे बघणार नाहीत. तो बायबलला बसत नाही म्हणजे नास्तिक, एवढंच त्यांना कळणार, आणि त्या काळात नास्तिक म्हणजे कम्युनिस्ट. वाचनानंतर लगेच शाळेच्या सूचना होतात, त्याही बुडणार. आणि हॉलमध्ये उभं राहणं ही तर शिक्षाच समजली जाते.

शाळेच्या सूचना बुडणं हा तपशील फक्त बापालाच सुचू शकतो. घटनेची कलमं, धर्मस्वातंत्र्य, हे सगळं वकिलांनी बोलायचं. बापाला काळजी ही की पोराला आज सहलीचे पैसे कधी भरायचे ते ऐकूच येणार नाही. १७ जून १९६३ रोजी सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की सरकारी शाळेत भक्तिभावाने बायबल वाचणं घटनाबाह्य आहे, आणि सूट आहे म्हणून ते घटनेत बसत नाही. त्या निकालपत्रात आल्फॉन्सो टाफ्टचं ते वाक्य उद्धृत केलं आहे. सिनसिनाटीत एकटा पडलेला न्यायाधीश त्र्याण्णव वर्षांनी जिंकला.

मी सिनसिनाटीच्या उपनगरात राहते. मुलगी चौथीत आहे. तिच्या शाळेत बायबल वाचत नाहीत. तो प्रश्न १९६३ ला मिटला. तिच्या शाळेत आठवड्यातून एकदा बस येते.

या प्रकाराला इथे ‘रिलीज्ड टाइम’ म्हणतात. शाळेच्या वेळात, आईबापांच्या लेखी परवानगीने, मुलांना शाळेबाहेर नेऊन धर्मशिक्षण द्यायचं आणि परत आणून सोडायचं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केलं, कारण शॅंपेनसारखं ते शाळेच्या इमारतीत होत नव्हतं आणि त्यावर सरकारी पैसाही खर्च होत नव्हता. ओहायोत आधी स्कूल बोर्डांनी वाटलं तर परवानगी द्यायची असं होतं. २०२५ च्या जानेवारीत गव्हर्नरांनी सही केलेल्या कायद्याने बोर्डांना तसं धोरण करणं बंधनकारक झालं. गणित, वाचन अशा मुख्य विषयांचा तास बुडवता येत नाही. म्हणून कात्री लागते ती संगीत, चित्रकला, लायब्ररी, मधली सुट्टी यांना.

माझ्या मुलीच्या वर्गात ती लायब्ररीला लागली. वर्गातली बहुतेक मुलं बसने जातात. राहतात मोजकी: माझी मुलगी, एक मुसलमान मुलगा, आणि एक मुलगी, जिचे आईवडील स्वतः कट्टर चर्चवाले आहेत आणि आमच्या लेकराला देव आम्ही शिकवू, दुसऱ्या कुणी नको, अशा मताचे आहेत. बाईंना त्या तासाला नवं काही सुरू करता येत नाही, कारण गेलेली मुलं मागे पडतील. मग प्लास्टिक चढवलेला शब्दकोड्याचा कागद येतो, त्यावर पुसता येणाऱ्या पेनाने गोल करायचे, वेळ झाली की ओल्या टिश्यूने पुसून परत द्यायचे. पुढच्या आठवड्याला तोच कागद. शब्द तिला पाठ झालेत. पुस्तकं बदलायचं काम सगळी मुलं असतील त्या दिवशी, म्हणजे बहुधा नाहीच.

एकदा घरी येऊन तिने विचारलं, “आई, मी त्यांच्याबरोबर का जात नाही?”

मी म्हटलं, “तुला जावंसं वाटतं?”

“नाही. पण माझी मैत्रीण म्हणते, तुला जीझस आवडत नाही का?”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, मला तो नीट माहीतच नाही.”

एवढं बोलून ती डबा धुवायला गेली. मी मात्र त्या उत्तरापाशी बराच वेळ अडकून राहिले. चारही बाजूंनी चर्च असलेल्या गावात ती वाढते आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी ज्याचं नाव घेतल्याशिवाय जेवण सुरू होत नाही, त्याची गोष्ट तिला कुणी सांगितलेली नाही. शाळा सांगत नाही, कारण शाळेला भीती वाटते. बसमधले सांगतात, पण त्यासाठी आधी त्यांच्यात जावं लागतं. आणि मीही सांगितली नव्हती.

त्या रात्री मी तिला जीझसने सांगितलेली, वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाची आणि त्याला उचलून नेणाऱ्या परक्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. ती मला आजीने सांगितली होती. आजी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरला ठाण मांडलं, शाळा काढल्या, आणि ज्या मुलींना इतर कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांना बाकावर बसवलं. आजी पुढच्या काळात तशाच एका मिशनच्या शाळेत शिकली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून हरिपाठ म्हणणारी माझी आजी शोमरोनी माणसाची गोष्ट सांगताना दर वेळी गहिवरायची. तिच्यावर त्या शाळेचे उपकार होते आणि ते तिने कधी नाकारले नाहीत. मीही नाकारत नाही.

पण त्याच मिशन शाळांनी महाराष्ट्रातल्या आईबापांची झोपही उडवली होती. मुंबईत १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शाळेतली मुलं भराभर कमी झाली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. वडिलांनी कोर्टातून त्याला परत मिळवला. मग जात त्याला घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून खटपट केली आणि सनातन्यांचा राग ओढवून घेतला. बारा-तेरा वर्षांचं पोर, आणि त्याच्यावरून मिशन, कोर्ट, जात आणि सुधारक अशी चौफेर ओढाताण. त्या पोराला काय वाटत होतं, याची नोंद मला कुठे वाचायला मिळालेली नाही.

मुंबई इलाख्यातल्या सरकारी शाळांनी मात्र सुरुवातीपासून हात राखून काम केलं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने स्पष्ट लिहून ठेवलं होतं की शिक्षणाच्या योजनेत धर्माची जराशीही सरमिसळ नको. १८५४ च्या वुडच्या खलित्यातली तोड तर मला आजही शहाणपणाची वाटते. बायबल शाळा-कॉलेजांच्या लायब्ररीत असू द्या. ज्या विद्यार्थ्याला वाचायचं त्याने मोकळेपणाने वाचावं. त्याने होऊन शंका विचारली, तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर सांगायला हरकत नाही. पण तासाला शिकवायचं नाही. १८५७ च्या उठावानंतर काही इंग्रज अंमलदारांनी उलटीच मागणी केली, की सरकारी शाळांत बायबल सुरू करा. ती मान्य झाली नाही.

आपल्या घटनेचं अठ्ठाविसावं कलम याच वाटेने आलं आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, सूट नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. संविधानसभेत ७ डिसेंबर १९४८ ला यावर चर्चा झाली तेव्हा काही सभासदांना वाटत होतं की धर्मशिक्षणाला थोडी वाट ठेवावी. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिलं की एका धर्माच्या प्रसारासाठी कर घेता येणार नाही हे आपण एकदा मान्य केलं आहे, आणि इतके धर्म, इतके पंथ असलेल्या देशात सरकारी शाळा नेमका कुणाकुणाचा धर्म शिकवणार? सरकारी मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या खासगी शाळांना मात्र त्याच कलमात मोकळीक आहे, फक्त पालकांच्या संमतीशिवाय मुलाला बसवायचं नाही. म्हणजे आपल्याकडेही चिठ्ठीची पद्धत आहेच. पण पूर्ण सरकारी शाळेत ती नाही, आणि माझ्या मते घटनाकारांनी ती रेघ बरोबर जागी ओढली.

हे मी बाबांना फोनवर सांगत होते. बाबा निवृत्त शिक्षक. टेक्सास आणि लुइझियानाने वर्गावर्गांत बायबलमधल्या दहा आज्ञांची पाटी लावायचे कायदे केले, हे त्यांनी वाचलं होतं, आणि ते चिडले होते. “हे काय चाललंय तुमच्याकडे? १९८० साली केंटकीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे रद्द केलं होतं ना?” बाबांना अशा गोष्टी आठवतात. मी म्हटलं, “हो बाबा, आणि या कायद्यांवरही खटले झालेत. पण २०२२ मध्ये गुजरातने सहावी ते बारावीला गीता आणायचं जाहीर केलं, तेव्हा तुम्हीच मला आनंदाने मेसेज पाठवला होता.”

“गीतेचं वेगळं आहे,” बाबा म्हणाले. “गीता म्हणजे काय एका धर्माचं पुस्तक आहे? ते जीवनाचं तत्त्वज्ञान आहे. कुणीही वाचावं.”

बाबांवर माझा जीव आहे आणि त्यांच्या गीताप्रेमात खोट नाही. पहाटे उठून ते अजून एक अध्याय म्हणतात. पण सिनसिनाटीच्या कोर्टात बायबलवाल्या वकिलांनी हेच सांगितलं होतं: बायबल कुठल्या एका पंथाचं नाही, ते सर्वसाधारण नीतीचं पुस्तक आहे. १८९० मध्ये विस्कॉन्सिनच्या एजर्टन गावच्या शाळेनेही हेच सांगितलं, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने कॅथलिक पालकांच्या बाजूने निकाल देताना ते मान्य केलं नाही. आपला ग्रंथ आपल्याला कधीच एका धर्माचा वाटत नाही, तो हवेसारखा सगळ्यांचा वाटतो. तो एका धर्माचा आहे हे बाहेर बसलेल्या मुलालाच दिसतं. मी बाबांना म्हटलं, “तुमच्या वर्गातल्या ज्या मुलाच्या घरी गीता नाही, तो त्या तासाला काय करेल?” बाबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “आमच्या वर्गात तसं कुणी नव्हतं.” नंतर थोडं थांबून, “एक होता.” त्या मुलाबद्दल त्यांनी पुढे काही सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

माझ्या शेजारणीशी हे बोलणं सोपं नाही. तिची मुलगी म्हणजेच ती मैत्रीण, जिने विचारलं होतं तुला जीझस आवडत नाही का. शेजारीण हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करते, नवरा ट्रक चालवतो, आठवडाभर घरात नसतो. तिचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं आहे. ती म्हणते, “शाळा माझ्या मुलीचे दिवसाचे सात तास घेते. त्या सात तासांत तिला सगळं सांगतात, देवाचं नाव तेवढं काढत नाहीत. म्हणजे देव बिनमहत्त्वाचा, हेच ती शिकते ना? रविवारी माझी ड्यूटी असते. ही बस आहे म्हणून तिला चार गोष्टी कळतात. तुला नको तर तू सही करू नकोस. माझ्यावर तू का रागावतेस?”

मी तिच्यावर रागावलेली नाही. मौनातूनही मूल काहीतरी शिकतं, हे तिचं बोलणं खरं आहे. १९६३ च्या निकालाचं नाव घेऊन शाळा हात झटकतात, पण त्या निकालातच न्यायमूर्ती क्लार्क यांनी लिहिलं आहे की धर्मांचा तौलनिक अभ्यास, धर्माचा इतिहास आणि संस्कृतीच्या घडणीत त्याचा वाटा हे कळल्याशिवाय शिक्षण पूर्ण होत नाही, आणि साहित्य म्हणून, इतिहास म्हणून बायबल अभ्यासण्याजोगं आहे. हा अर्धा निकाल शाळांनी कपाटात ठेवून दिला. माझ्या मुलीला बायबल शिकवावं असं मला मनापासून वाटतं. दुभंगलेलं घर टिकत नाही, हे लिंकनने कुठून उचललं ते तिला कळलं पाहिजे. गुलामांच्या गाण्यांत मोशे आणि इजिप्त का येतात ते कळलं पाहिजे. तिच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा रोजा का ठेवतो आणि आपल्या घरी गणपती का बसतो, हेही तिच्या मैत्रिणीला त्याच वर्गात, त्याच बाईंकडून कळलं पाहिजे. सगळी मुलं आत बसलेली असताना.

बस मला खुपते ती तिच्यातल्या देवामुळे नाही. १९५२ च्या त्या निकालात बहुमताविरुद्ध लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. गेलेली मुलं मागे पडू नयेत म्हणून त्या वेळात शिकवणं जवळजवळ थांबतं, आणि जो विद्यार्थी चर्चला जाणार नाही त्याच्यासाठी शाळा हा तात्पुरता तुरुंग होतो, असं त्यांनी लिहिलं. त्याच निकालपत्रात ते सांगतात की माझी स्वतःची मुलं आम्ही राजीखुशीने चर्चच्या खासगी शाळेत घातली. हाही पुन्हा भाविकच. सक्तीला विरोध आणि धर्माला विरोध यांची तुम्ही गल्लत करता, असं त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना सुनावलं होतं. शॅंपेनमध्ये मॅकॉलमचा मुलगा हॉलमध्ये होता, माझी मुलगी लायब्ररीत आहे. एकाला बाहेर काढलं, दुसरीला आत ठेवलं, पण दोघांच्याही हातात काही नाही, आणि दोघांना सगळे बघतायत.

स्कूल बोर्डाच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये नागरिकांना बोलायला तीन-तीन मिनिटं मिळतात. मी माझं नाव दिलं आहे. बस बंद करा असं मी म्हणणार नाही. कायदा तिच्या बाजूने आहे, आणि शेजारणीच्या रात्रपाळीवर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या मागण्या दोन आहेत. बस गेल्यावर लायब्ररीचा तास पूर्ण व्हावा. राहिलेल्या मुलांना पुस्तकं बदलून द्यावीत, बाईंनी नवं काही वाचून दाखवावं, आणि गेलेल्यांचं काही बुडलं तर ते भरून काढायची जबाबदारी त्यांना नेणाऱ्यांनी घ्यावी. दुसरी मागणी, पाचवीच्या समाजशास्त्रात जगातल्या धर्मांचा पाठ घ्यावा, त्यात बायबल असावं, कुराण असावं, गीता असावी, आणि तो सगळ्यांनी मिळून शिकावा, त्यातून कुणाला चिठ्ठी देऊन बाहेर पडायची गरज वाटू नये असा शिकवावा.

अर्जाचा कागद घेऊन मी शेजारणीकडे गेले होते. पहिल्या मागणीवर तिने तिथल्या तिथे सही केली. म्हणाली, तुझी मुलगी नुसती बसून राहते हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या मागणीवर तिने पेन खाली ठेवलं. “बायबल बाकीच्या पुस्तकांच्या रांगेत?” तिने विचारलं. मी म्हटलं, “हो, रांगेतच.” ती नाही म्हणाली नाही. कागद ठेवून जा, नवरा शनिवारी येतो, त्याच्याशी बोलते, असं म्हणाली.